वारा आहे, तार कोठे आहे?

गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात ५०० मेगावॅटच्या पवनचक्क्या उभारण्याची एक निविदा आणि तामिळनाडूच्या समुद्रतळावर ४ हजार मेगावॅटसाठी जागा भाडेपट्ट्याने देण्याची दुसरी, अशा दोन्ही निविदा भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये रद्द केल्या. तत्पूर्वी त्यांना एकामागून एक मुदतवाढी देऊन झाल्या होत्या. लोकसभेत कोणी त्यासाठी सभात्याग केला नाही, की कोणत्या चौकात निषेधाची सभा भरली नाही. ज्या वस्तूचा अद्याप जन्मच झालेला नाही तिच्या मृत्यूचा शोक तरी कोणी करावा? आम्हीही तो करणार नाही. उलट, या रद्द झालेल्या निविदांनी सरकारच्या पदरात जो अवधी आपोआप पडला आहे, त्याचा उपयोग एका दुर्लक्षित कामासाठी करून घ्यावा, एवढेच सांगण्यासाठी आज आम्ही ही जागा खर्ची घालीत आहोत. ते काम म्हणजे समुद्रात निर्माण होणारी वीज किनाऱ्यावर कोठे उतरवायची आणि तेथून ती देशाच्या वीजजाळ्यात कशी न्यावयाची याची आखणी.

सागरी पवनऊर्जेचा आमचा आजवरचा इतिहास हा प्रामुख्याने आकड्यांचा इतिहास आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २०१७ साली खंबायतच्या आखातात, पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटरवर, वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र समुद्रात बसविण्यात आले. २०१८ साली सरकारने २०३० पर्यंत ३० हजार मेगावॅटचे उद्दिष्ट घोषित केले. २०२४ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली; त्यांपैकी ६,८५३ कोटी गुजरात व तामिळनाडू येथील प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांची तूट भरून काढण्यासाठी आणि ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. धोरण झाले, उद्दिष्ट झाले, तरतूद झाली. परंतु २०२५ साल संपले तेव्हा आमच्या साऱ्या सागरकिनाऱ्यासमोर विजेची एकही पवनचक्की पाण्यात उभी नव्हती.

सागरी पवनऊर्जा म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर पांढऱ्याशुभ्र, अजस्र पात्यांची रांग उभी राहते. मंत्र्यांच्या भाषणांत आणि सरकारी पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवरही तीच असते. पाण्याखालची तार मात्र कोणत्याही मुखपृष्ठावर येत नाही, कारण ती दिसतच नाही. वास्तविक सारा खेळ तिच्यावर आहे. प्रत्येक चक्कीतून निघालेली वीज प्रथम समुद्रातच, खांबांवर उभारलेल्या एका उपकेंद्रात गोळा करावी लागते. तेथे तिचा दाब वाढवून ती समुद्रतळात पुरलेल्या केबलमधून किनाऱ्याकडे धाडावी लागते. किनाऱ्याच्या वाळूखालून बोगद्यासारखे छिद्र पाडून केबल जमिनीवर आणावी लागते. आणि मग जमिनीवरील उपकेंद्रातून ती ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर चढवावी लागते. २२० किलोव्होल्टची एक केबल साधारणतः तीनशे-चारशे मेगावॅटच वाहून नेते. शिवाय नेहमीच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची केबल लांब होत गेली की तिची बरीचशी शक्ती स्वतःलाच भारण्यात आणि रिती करण्यात खर्ची पडते. म्हणून अंतर ८०-१०० किलोमीटरच्या पुढे गेले की दिष्ट प्रवाहाची, म्हणजे पुष्कळच महागड्या यंत्रसामग्रीची, कास धरावी लागते. केबल कोठे उतरणार हे ठरल्यावाचून तिची लांबी ठरत नाही, लांबी ठरल्यावाचून तिचा प्रकार ठरत नाही, आणि प्रकार ठरल्यावाचून विजेचा दर सांगता येत नाही. असे असता, उतरण्याच्या जागा आणि तेथवर वाहिनी पोचण्याची तारीख यांची पक्की हमी हाती नसताना कोणत्या शहाण्या माणसाने निविदा भरावी?

या बाबतीत ज्यांनी ठेचा खाल्ल्या त्यांच्याकडे थोडे पाहू. जर्मनीसारख्या, शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात २०१३ च्या ऑगस्टमध्ये बोर्कुम बेटाजवळ रिफगाट नावाच्या पवनक्षेत्राचे उद्‌घाटन झाले. ३० चक्क्या, १०८ मेगावॅट. चक्क्या वेळेवर उभ्या राहिल्या होत्या, वारा तर उत्तर समुद्रात असतोच. नव्हती ती फक्त किनाऱ्यापर्यंतची केबल. तिच्या मार्गात, समुद्रतळावर, दुसऱ्या महायुद्धातील न फुटलेला दारूगोळा पसरलेला सापडला आणि तो उचलण्यात महिन्यांमागून महिने गेले. खाऱ्या हवेत चक्क्या निश्चल ठेवल्या तर गंजतात, म्हणून त्या फिरत्या ठेवण्यासाठी आणि त्यांची यंत्रणा चालू राखण्यासाठी महिन्याला सुमारे २२ हजार लिटर डिझेल जाळण्याची पाळी आली! वाऱ्यापासून वीज मिळावी म्हणून उभारलेल्या चक्क्यांना तेलाची वीज पाजावी लागली. २०१४ च्या फेब्रुवारीत केबल जोडली गेली तेव्हा हा विचित्र संसार थांबला.

रिफगाट हा काही एकटादुकटा अपघात नव्हे. त्यापूर्वीच, २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, जर्मनीच्या उत्तर समुद्रातील जोडण्यांची जबाबदारी असलेल्या टेनेट कंपनीने सरकारला लेखी कळवून टाकले होते की, पैसा, माणसे आणि सामग्री यांचा तुटवडा पाहता या गतीने जोडण्या देणे आपल्याला शक्य नाही. कायदा असा होता की, चक्की उभारणाऱ्याने मागणी करावी आणि जाळेवाल्याने तार आणून द्यावी. कोणी कोठे चक्की उभारावी यावर कोणाचे नियंत्रण नाही, आणि तार मात्र प्रत्येकाच्या दारात हवी. परिणामी विलंबाची नुकसानभरपाई द्यावी लागली, आणि २०१३ पासून तिचा भार एका अधिभाराच्या रूपाने सामान्य ग्राहकाच्या बिलावर जाऊन बसला. जर्मनांनी धडा घेतला. आता तेथे शासन आधी समुद्राचा आराखडा आखते, कोणत्या क्षेत्राला कोणत्या साली जोडणी मिळेल हे ठरविते, आणि मग लिलाव पुकारते. हे शहाणपण त्यांना विकत घ्यावे लागले. आम्हांला ते फुकट मिळते आहे.

परंतु जर्मनीला हसण्याचा अधिकार तरी आम्हांला आहे काय? १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले तेव्हा साऱ्या देशाने पेढे वाटले. दोन वर्षांत तेल निघू लागले. पण तेलाबरोबर येणारा वायू साठविण्याची, वाहून नेण्याची आणि वापरण्याची सिद्धता त्या गतीने झाली नाही, आणि पुढे कित्येक वर्षे, ऐंशीच्या दशकातसुद्धा, तो वायू समुद्रावरच जाळून टाकला जात होता. मुंबईची गृहिणी गॅसच्या सिलिंडरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत असताना मुंबईच्याच समुद्रात त्या ज्वाला रात्रंदिवस आकाश उजळीत होत्या. वाऱ्याच्या बाबतीतही आमचा अनुभव निराळा नाही. २०१२ च्या सुमारास तामिळनाडूत ऐन वाऱ्याच्या मोसमात चक्क्या थांबविण्याचे हुकूम सुटत, कारण ती वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या पुरेशा नव्हत्या. आणि २०२५ साली राजस्थानात हजारो मेगावॅट सौर वीज भर दुपारी अडवून ठेवावी लागली तीही वाहिन्या वेळेवर पुऱ्या न झाल्यामुळेच. वरातीमागून घोडे आणण्याची ही आमची जुनी खोड आहे. जमिनीवर तिची किंमत काही महिन्यांत मोजता येते. समुद्रात ती वर्षांत मोजावी लागेल, कारण केबल टाकणारी जहाजे जगात मोजकी आहेत, आणि त्यांचा हंगाम चुकला की पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

इंग्लंडची गोष्ट आणखी वेगळी, आणि आमच्या दृष्टीने कदाचित अधिक महत्त्वाची आहे. तेथे केबली वेळेवर आल्या. पण ज्याने त्याने आपापली आणली. प्रत्येक पवनक्षेत्राची स्वतंत्र केबल, स्वतंत्र चर, स्वतंत्र उपकेंद्र. नॉरफोक परगण्यात दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या केबलींचे आखलेले मार्ग शेतांमधून एकमेकांना छेदून जातात. सफोकमधील फ्रिस्टन नावाच्या लहानशा खेड्याशेजारी प्रचंड उपकेंद्रे येणार असे कळताच तेथील शांत गृहस्थ फलक घेऊन रस्त्यावर आले. ही माणसे पवनऊर्जेच्या विरुद्ध नव्हती. किनाऱ्याला एकदाच काय ते खणा, पुन्हा पुन्हा नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २०२० साली तेथील वीजजाळ्याच्या चालकांनी हिशेब मांडला, तेव्हा असे दिसून आले की सर्वांनी मिळून सामाईक जोडण्या केल्या तर २०५० पर्यंत सुमारे ६ अब्ज पौंड वाचतील आणि किनाऱ्यावरील नवी बांधकामे जवळजवळ निम्म्याने कमी होतील. परंतु हेच काम २०३० पर्यंत लांबविले तर बचत निम्मीच, म्हणजे ३ अब्ज पौंड, हाती लागेल. हा दुसरा आकडा आमच्या नियोजनकारांनी आपल्या मेजावरील काचेखाली ठेवावा. त्या देशाजवळ डझनावारी पवनक्षेत्रे आधीच उभी होती, म्हणून त्याला उशिराच्या शहाणपणाचा भुर्दंड पडला. आमचा किनारा अद्याप कोरा आहे.

तो कोरा आहे म्हणजे मोकळा आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. खंबायतच्या आखातात देशातील सर्वांत मोठी भरती-ओहोटी होते; तेथले प्रवाह तीव्र आणि तळाची वाळू सतत सरकणारी. आज दोन मीटर खोल पुरलेली केबल काही पावसाळ्यांनंतर उघडी पडणार नाही, हे अभ्यासावाचून सांगता येणार नाही. जाफराबादचे मच्छीमार त्याच पाण्यात बोंबलासाठी डोल जाळी लावतात. ती जाळी समुद्रतळाशी रोवून बांधावी लागतात, आणि केबलीचा मार्ग व जाळ्यांच्या जागा एकमेकांवर आल्या तर केबल तरी तुटेल किंवा जाळे तरी उठेल. २०२१ च्या १७ मे रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, दीव आणि उन्याच्या परिसरात, आदळले. वीजवाहिन्यांचे मनोरे आणि खांब कोसळून सौराष्ट्रातील हजारो गावे अंधारात गेली आणि काही भागांत वीज परत यायला कित्येक दिवस लागले. समुद्रातल्या चक्क्या वादळाला टिकाव धरतील अशा बांधता येतात. पण किनाऱ्यावरचा मनोराच आडवा झाला तर त्या टिकलेल्या चक्क्यांचे करावयाचे काय?

तिकडे कन्याकुमारीच्या बाजूला अडचणी निराळ्या आहेत. आरलवायमोळीच्या खिंडीतून येणारा वारा आणि मुप्पंडलच्या चक्क्या यांमुळे त्या भागातल्या वाहिन्या आधीच भरलेल्या; जवळच कुडंकुळमचे अणुवीज केंद्र; आणि पूर्वेला मन्नारच्या आखातातील २१ प्रवाळ बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान, जेथे चर खणण्याचा विचारही मनात आणू नये. या साऱ्यांमधून वाट काढावयाची आहे. ती कागदावर पट्टी ठेवून रेघ मारल्याने निघणार नाही.

न्यायाने बोलायचे तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने या प्रश्नाकडे अगदीच डोळेझाक केलेली नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आराखड्यात त्याने गुजरात आणि तामिळनाडू येथील प्रत्येकी ५ हजार मेगावॅट सागरी विजेसाठीच्या पारेषणाचा खर्च सुमारे २८ हजार कोटी धरला आहे, आणि किनाऱ्यावरील उपकेंद्रांसाठी महुवा, आवरैकुळम यांसारख्या जागांची नावेही घेतली आहेत. कांद्याच्या बाजारामुळे महुवा हे नाव आमच्या लासलगावकरांना चांगले परिचयाचे आहे. तेथे उद्या विजेचाही बाजार भरणार असेल तर आनंदच आहे. परंतु आमच्याकडे आराखडा आणि अंमलबजावणी यांमध्ये निविदा नावाची एक चिंचोळी खिंड असते. निविदा पुढे सरकली की आराखडा जागा होतो, ती रद्द झाली की तो पुन्हा कपाटात जाऊन निजतो. ही साखळी तोडली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर अर्थखात्याचा आक्षेप आम्ही आत्ताच ऐकू शकतो. चक्क्या येणार की नाही याचा पत्ता नसताना हजारो कोटींच्या तारा समुद्रात टाकून ठेवायच्या काय? आक्षेप रास्त आहे, आणि आमचे तसे म्हणणेही नाही. या कामाचे दोन भाग पडतात, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच सारा घोटाळा होतो. समुद्रतळाची पाहणी, मार्गाची निश्चिती, उपकेंद्रांसाठी जमीन, किनारा-नियमनाच्या आणि पर्यावरणाच्या परवानग्या, मच्छीमारांशी वाटाघाटी या पहिल्या भागाला वेळ फार लागतो, पण पैसा त्या मानाने थोडा. केबल, समुद्रातील उपकेंद्र, दिष्ट प्रवाहाची यंत्रे या दुसऱ्या भागाला पैसा अफाट लागतो. पहिला भाग आज हाती घ्या. दुसऱ्याची मागणी चक्कीवाल्याचा करार पक्का होईल त्या दिवशी नोंदवा. आणि जमिनीवरील उपकेंद्र जरा आधीच उभे राहिले तरी ते ओस पडणार नाही; सौराष्ट्रात आणि तिरुनेलवेलीत जमिनीवरची सौर व पवन वीजच वाहिनीसाठी खोळंबून असते. अमेरिकेतील टेक्सस राज्याने २००५ साली कायदा करून वाऱ्याच्या ओसाड प्रदेशाकडे आधी वाहिन्या नेण्याचे ठरविले; २०१४ पर्यंत सुमारे ७ अब्ज डॉलर खर्चून त्या पुऱ्या झाल्या, आणि चक्क्या त्यांच्या मागोमाग आल्या. टेक्ससला समाजवादी म्हणण्याचे धाडस आमचे डावे मित्रसुद्धा करणार नाहीत.

गुजरात आणि तामिळनाडूच्या या प्रश्नाशी मुंबई-पुण्याच्या वाचकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. १९१५ साली टाटांनी खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरविली तेव्हा धरण, वीजघर आणि वाहिनी या तिन्हींची आखणी एकाच मांडीवर बसून झाली होती. त्या परंपरेचे आम्ही वारस आहोत, हा झाला अभिमानाचा संबंध. याहून रोकडा संबंध खिशाचा आहे. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एकरूप झाले. तेव्हापासून खऱ्या अर्थाने साऱ्या देशाचे वीजजाळे एक आहे. आंतरराज्य पारेषणाचा खर्च सर्व राज्यांनी वाटून घ्यावयाचा असतो. आणि २०३२ अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या सागरी पवनप्रकल्पांना त्या शुल्कातून माफी देण्याचे सरकारने जाहीर केले आहे. माफी मिळालेल्याचा वाटा हवेत विरत नाही. तो उरलेल्यांच्या बिलात जातो. दादरच्या चाळीतला भाडेकरू आणि साताऱ्याचा यंत्रमागवाला या केबलीचे पैसे देणारच आहेत. तेव्हा ती एकदाच आणि नीट टाकली जावी, अशी मागणी करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. शिवाय २०२० च्या १२ ऑक्टोबरला कळवा-पडघे भागातील वाहिन्या बंद पडून साऱ्या मुंबईच्या लोकल गाड्या जेथल्या तेथे थबकल्या, तो दिवस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वीज असणे आणि ती दारापर्यंत पोचणे यांतील अंतर आम्ही काय सांगावे?

म्हणून नव्या निविदेची घोषणा करण्याची घाई सरकारने करू नये. आधी दोन्ही किनाऱ्यांवरील केबल उतरण्याच्या जागा आणि तेथवरचे सागरी मार्ग निश्चित करून त्यांचा नकाशा प्रसिद्ध करावा. तो गुजरातीत आणि तामिळीत छापावा, आणि अंतिम होण्यापूर्वी जाफराबादच्या व कन्याकुमारीच्या मच्छीमार संस्थांपुढे ठेवावा. मागाहून पोलीस बंदोबस्तात जनसुनावणी भरविण्याचा उपचार पुरेसा नाही. वाढवणच्या बंदराच्या निमित्ताने आमच्या पालघरच्या कोळी बांधवांचा संताप सर्वांनी पाहिला आहे. समुद्रातील उपकेंद्रे सामाईक असावीत, एका क्षेत्रासाठी बांधताना शेजारच्या दुसऱ्या क्षेत्राची सोय आधीच राखलेली असावी, आणि ती सार्वजनिक मालकीच्या पॉवर ग्रिडनेच बांधावीत. पहिल्या १ हजार मेगावॅटपुरते ते काम या संस्थेकडे सोपविण्याचा निर्णय झालाच आहे, तो पुढील क्षेत्रांनाही लागू करावा. केबलीची तारीख चक्क्यांच्या तारखेच्या आधीची असावी. आणि ती चुकली तर भरपाई कोण देणार, जाळेवाला की ग्राहक, हे निविदेच्या कागदात पहिल्याच पानावर लिहिलेले असावे. जर्मनीप्रमाणे मागाहून कायदा करण्याची वेळ येऊ नये.

संसदेच्या येत्या अधिवेशनात ऊर्जाखात्याच्या मागण्या चर्चेला येतील तेव्हा किती हजार मेगावॅटचे नवे उद्दिष्ट, हा प्रश्न नेहमीप्रमाणे कोणी तरी विचारीलच. महाराष्ट्राच्या खासदारांनी तो इतरांसाठी सोडावा आणि पहिली केबल कोणत्या गावाच्या किनाऱ्यावर व कोणत्या साली उतरणार, एवढेच मंत्र्यांना विचारावे.